पिंपळनेरच्या तेहेतीस मुठी

मी खानदेशात जाणार हे ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त करमणूक झाली ती आमच्या काकांची. "लोकांचं भलं करायलासुद्धा आता दोन वर्षांचा अभ्यासक्रम?" ते गिरगावातल्या आमच्या घरी येईल त्याला सांगत. "आणि नापास झाली तर काय, लोकांचं वाईट करणार?"

काकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. बी.ए. झाल्यावर मी मुंबईत समाजकार्याच्या वर्गात नाव घातलं, इथवर घरच्यांनी कसंबसं पचवलं होतं. पण दुसऱ्या वर्षी मी 'संस्थांचे व्यवस्थापन' हा विषय घेतला, तेव्हा आईसुद्धा म्हणाली, "अगं, संस्था चालवायला शिकायचं काय असतं? संसार चालवायला कुठे कोण शिकतं?" वसतिगृहं, बालवाड्या, प्रसूतिगृहं नुसती दयेवर चालत नाहीत, कामं वाटून द्यावी लागतात, माणसं सांभाळावी लागतात, हे मी तिला पुस्तकातल्या भाषेत समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे संसारच की."

या अभ्यासक्रमात सहा आठवडे एखाद्या संस्थेत राहून तिचा कारभार कसा चालतो याचा अहवाल लिहायचा असतो. माझ्या वाट्याला खानदेश आला. आमच्या सरांनी निघताना कोऱ्या कागदांची एक गुंडाळी हातात दिली आणि म्हणाले, "तक्ता काढा. सर्वांत वर कोण, त्याच्या खाली कोण. तक्ता नीट निघाला की संस्था कळली म्हणून समजा." पावसाचे दिवस, म्हणून मी ती गुंडाळी पत्र्याच्या लांब नळीत घातली आणि खांद्याला अडकवली. त्या नळीने मला गाडीभर प्रसिद्धी दिली. समोरच्या बाकावरच्या एका बाईंनी मला थेट विचारलं, "नाटकातल्या का हो तुम्ही?"

जळगाव आणि यावल

जळगावच्या स्टेशनावर मला घ्यायला संस्थेच्या संस्थापिका स्वतः आल्या होत्या. गोदाअक्का. पन्नाशी ओलांडलेल्या, पांढरं लुगडं, डोक्यावर पदर आणि हातात पुरुषी काळी छत्री. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच का व मुंबईची? अन् हे काय हाये, बंदूक?"

मी तक्त्याचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "बरं. आधी जेव."

स्टेशनाजवळच्या खानावळीत माझ्यापुढे शेवभाजी आली. लाल तेलाचा तवंग पाहून मी सावध व्हायला हवं होतं. पण मी शिकलेली बाई, अनुभवाशिवाय मत बनवायचं नाही असं आम्हाला शिकवलेलं. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला कानांतून वाफा. अक्कांनी शांतपणे गुळाचा खडा पुढे सरकवला. त्यांनी तो मला पाहूनच मागवून ठेवला असावा. पुढे कळलं की यावलकडे सगळंच असं चालतं. कुणाला काय लागणार ते अक्कांना आधी ठाऊक असतं, आणि ते त्या स्वतःच देतात.

अक्का ऐन तिशीत विधवा झाल्या. घरची केळीची बाग मोठी. बागेत कामाला येणाऱ्या बायका तान्ही पोरं बांधावर निजवायच्या. एकदा एका पोराला बांधावर साप चावला. त्या दिवसापासून अक्कांनी पोरं आपल्या ओसरीवर घ्यायला सुरुवात केली. त्याची बालवाडी झाली, मग सहा खाटांचं प्रसूतिगृह झालं, आणि मग पार दुसऱ्या टोकाला, पश्चिम खानदेशातल्या पिंपळनेरला, डोंगरातल्या आदिवासी मुलींचं वसतिगृह झालं.

यावलला मी बारा दिवस होते. सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा, दुपारी बसराई केळी, आणि दिवसभर अक्कांच्या मागेमागे वही घेऊन फिरणं. एकदा बागेतल्या चिखलात मी साष्टांग पडले, तर घड वाहणाऱ्या बायका इतक्या मनापासून हसल्या की त्यानंतर त्यांनी मला आपल्यातलीच मानलं. मुंबईला कोणी पडलं तर लोक हसू दाबतात. इथे हसतात आणि मग हात देतात.

अक्कांचं काम पाहून मी भारावून गेले, हे कबूल करते. पण वही भरता भरता एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. कोणत्या खाटेवर कोण निजेल, बालवाडीत आज कोणतं गाणं, दाई किती वाजता घरी जाईल, सगळ्याला अक्का. दाई चांगली शिकलेली होती. तीसुद्धा दार लावायचं की उघडं ठेवायचं ते विचारायला यायची. आणि पिंपळनेरहून टपालाने विचारणा यायची. उत्तर पोचेपर्यंत आठवडा जाई.

बाराव्या दिवशी अक्कांनी मला ओसरीवर बसवून घेतलं.

"पिंपळनेरचे नाना वेगळे व्हायचं म्हनतात," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

नाना म्हणजे निवृत्त हेडमास्तर. वसतिगृह त्यांच्याच आवारात, त्यांच्याच जागेत. ते आणि त्यांची बायको ते सांभाळत. भांडणाचं मूळ अक्कांच्या एका नियमात होतं. जी मुलगी आठ दिवसांहून जास्त न सांगता घरी राहील, तिचं नाव कमी. मागच्या पावसाळ्यात पाच मुली भातलावणीला म्हणून डोंगरात गेल्या आणि तीन आठवड्यांनी परतल्या. नानांनी यावलला विचारलं. अक्कांनी 'नाही' कळवलं. पाचही जणींना नानांना दारातून परत पाठवावं लागलं. तेव्हापासून नाना गप्प होते, आणि आता वेगळं होण्याचं हे पत्र.

"नाना सोन्यासारखा मानूस," अक्का म्हणाल्या. "पन त्याले नही म्हनता येत नही. म्हनून नही म्हनायचं काम मी इथून करते. नियम मोडला का मंग वसतिगृह नही राहात, धर्मशाळा होते. तू शिकलेली हायेस. तू जा, पाह्य, अन् कोन चुकलं ते लिहून दे. मी मागून येते."

मला त्या वेळी फार मोठेपणा वाटला. दोन पिकल्या केसांच्या माणसांचा न्याय माझ्या वहीत होणार होता! त्याच दुपारी मी नळीतला कागद काढला आणि रंगीत शाईने तक्ता आखला. वर एका चौकटीत अक्का. खाली रेघा ओढून दाई, बालवाडीची शिक्षिका, पिंपळनेरचे नाना, नानांच्या खाली त्यांची बायको, तिच्या खाली स्वयंपाकीण. सुरेख निघाला होता.

धुळे

धुळ्याला एक दिवस मोडला. सरळ, रुंद रस्ते पाहून जिवाला बरं वाटलं. आमच्या गिरगावात समोरच्याची कढी उकळली तरी आपल्याला वास येतो. दुपारी एका ओळखीच्या घरी फुनके आणि कढी जेवले. फुनके म्हणजे भरडलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके. त्यावर तेल ओतून कढीशी खायचे. मी चार खाल्ले. यजमानीण म्हणाली, "पोट दुखलं का मंग सांगजा." दुखलं नाही. खानदेशाने मला स्वीकारलं अशी खूण मी त्यातून घेतली.

दुपारनंतर तिथल्या सरकारी कचेरीत जाऊन आले. टेबलामागचे गृहस्थ सज्जन होते. त्यांनी फाईल उघडली आणि साध्या शब्दांत सांगितलं, "परवानगी अक्कांच्या संस्थेच्या नावाने. जागा नानांची. वेगळे झाले तर नवा अर्ज, नवी चौकशी. वर्ष तरी जाईल. तोवर, म्हणजे दिवाळीपासून, वसतिगृह बंद ठेवावं लागेल."

"आणि मुली?"

"मुली घरी जातील."

"आणि परवानगी मिळाल्यावर परत येतील?"

त्यांनी फाईल मिटली. "बाई, तेरा वर्षांची मुलगी वर्षभर घरी राहिली, तर ती पुढच्या वर्षी कोणाच्या तरी घरी असते."

पिंपळनेर

पिंपळनेरला एस.टी. पोचते तेव्हा डोंगर एकदम जवळ आलेले असतात. श्रावण लागला होता. पांझरा नदी भरून वाहत होती. नाना स्टँडवर आले होते. धोतर, टोपी, हेडमास्तरी चष्मा. माझ्याशी ते शाळेतल्या मराठीत बोलत आणि घरी वळले की अहिराणीत.

त्यांची बायको, जिजी, ठेंगणी, लगबगीची. तिने माझी बॅग ओढून घेतली आणि नळीकडे बोट दाखवलं. "हाई काय शे? पोपटना पिंजरा?"

वसतिगृहात अठ्ठावीस मुली होत्या. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या, एकमेकींच्या वेण्या घालणाऱ्या, मला पाहून आधी भिंतीआड जाणाऱ्या आणि मग सगळ्या एकदम पुढे येणाऱ्या. त्यांतली रेशमी सहावीत होती. तिचं गाव डोंगरात, पायी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिची चुलत बहीण झिपरी ही मागच्या वर्षी परत पाठवलेल्या पाचांतली एक. हे रेशमीनेच मला पहिल्या संध्याकाळी सांगितलं, काही तक्रार नसल्यासारखं. "ती दारात बसली व्हती. मंग गेली."

दुसऱ्या दिवशी मी ओसरीच्या भिंतीवर तक्ता लावला. आणि माझ्या शिक्षणाची खरी सुरुवात झाली.

खानदेशात भाट येतात. वर्षा-दोन वर्षांनी घोड्यावरून किंवा आता एस.टी.ने, मोठी वही घेऊन. आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात. अमक्याला दोन मुलगे, त्यातल्या थोरल्याला तीन. वर बाप, रेघ, खाली मुलगे. माझा तक्ता लागल्यावर शेजारपाजारच्या बायका आल्या, त्यांनी तो पाहिला आणि त्यांना तो क्षणात कळला. मलाच कळायचा होता.

"अक्का नानानी माय शे?" एकीने विचारलं.

"नही व! नाना मोठा शेतस तिना परीस."

"मंग ती वर कशी?"

"अन् जिजी नानानी पोर कशी काय व्हई?" तिसरीने विचारलं, आणि सगळ्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

नाना हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, तक्त्यातली आपली चौकट पाहिली आणि मला म्हणाले, "ताई, मी अक्कांहून चार वर्षांनी मोठा आहे. पण ते असू द्या. मला वरचं-खालचं नको आहे. दारात आलेल्या मुलीला मी माझ्या तोंडाने काही सांगू शकेन, एवढंच मला हवं आहे."

मी समजावू लागले की ही वंशावळ नाही, कामाची वाटणी आहे. तेवढ्यात जिजी कणकेच्या हातांनी बाहेर आली. तिने तक्ता वरून खाली पाहिला. मग खालून वर.

"बठ्ठासना नाव शेतस," ती म्हणाली. "पोरी कोठे शेतस?"

मी तक्त्यावरून नजर फिरवली. बाकी सगळ्यांची नावं होती.

"भाटनी वहीमा पोरीसना नाव नही ऱ्हातस. तुमनामा बी नही. तुम्ही एवढ्या शिकेल, तुम्ही बी भाटच निंघनात!"

बायका परत हसल्या. मला मात्र कानशिलं तापलेली जाणवत होती. ज्या मुलींसाठी हा सगळा उद्योग, त्यांना माझ्या सुरेख तक्त्यात चौकटच नव्हती. बारा दिवस यावलला आणि एक दिवस इथे, मी 'वर कोण' एवढंच शोधत होते. मला स्वतःचा राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. तक्ता मी उतरवला.

सभा

अक्का पुढच्या आठवड्यात आल्या. मी सभा बोलावली. विषयपत्रिकेत सहा विषय, पहिला 'नाव कमी करण्याचा नियम', शेवटचा 'विभक्त होण्याबाबत'. वर्गात मी असल्या सभांचे पाठ पहिल्या क्रमांकाने केले होते.

नानांनी अक्कांना पाट दिला, चहा दिला, पोहे दिले. मग मी पहिला विषय वाचला.

नाना म्हणाले, "अक्का म्हणतील तसं."

अक्का म्हणाल्या, "नही, नाना म्हनतील तसं."

दुसरा विषय वाचला. तेच. सहाव्या विषयालाही दोघं एकमेकांना इतकं मोठेपण देत होते की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्यासारखी एकी पंचक्रोशीत नसेल. घरी आलेल्या पाहुण्याचं म्हणणं खोडायचं नाही, आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याला त्याच्या ओसरीवर बोल लावायचा नाही. दोघंही रीतीची माणसं. मी कार्यवृत्तात लिहिलं, 'सर्वानुमते काहीही ठरले नाही.' सभा संपल्यावर अक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी वेगळं व्हायचा कागद घेऊन आली हाये. उद्या सही करते. रोज रोज जळन्यापरीस एकदा जळलेलं बरं." आणि नाना विहिरीपाशी एकटेच उभे होते.

त्या अठ्ठावीस जणी तेव्हा नदीवर गोधड्या धूत होत्या. कानबाईचा सण जवळ आला होता, त्यामुळे वसतिगृहाचं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघत होतं. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

गहू

आमच्याकडे श्रावणात मंगळागौर असते, खानदेशात कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरोघरी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू आधी मोजून घेतात, आणि मोजायची रीत अशी की भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. नोकरीला परगावी गेलेल्याचीही मूठ पडते, पाळण्यातल्या पोराचीही. ज्याची मूठ पडली तो घरचा. रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. भाऊ विभक्त झाले की म्हणतात, त्यांचे रोट वेगळे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिजीने ओसरी सारवून गव्हाची पाटी मांडली. नानांचे चुलतभाऊ दामूभाऊ आले होते. अक्का कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांच्या पिशवीत तो कागद.

"अक्का, तुम्ही मोजा," जिजी म्हणाली.

अक्का दचकल्या. "मी? मी विधवा बाई. मी कसा हात लावू?"

"हात धुयेल शेतस ना? मंग झालं."

अक्का उठल्या. नाना नावं सांगत गेले, अक्का मूठ टाकत गेल्या. नाना, त्यांचे दोन मुलगे, मुंबईला असलेला नातू, दामूभाऊ, दामूभाऊंचे तिघे. नावं संपली. अक्का हात झाडणार, तोच जिजी म्हणाली, "थांबा. आते पोरीसन्या."

"कोन्या पोरी?" दामूभाऊंनी विचारलं.

जिजीने आवाराकडे बोट केलं. मुली दोरीवर गोधड्या वाळत घालत होत्या.

"काही बी काय वहिनी! पोरीसनी मूठ कधी पडस का? अन् त्या काय आपला घरन्या शेतस?"

"तेच तं इचारी ऱ्हायनू," जिजी म्हणाली, दामूभाऊंकडे न पाहता. ती अक्कांकडे पाहत होती. "या पोरी कोना घरन्या शेतस? जिनी मूठ पडनी ती घरनी. घरना माणूसले कोनी दारमायीन परत नही धाडत, तो आठ दिनमा येवो का महिनामा."

मी माझी वही मिटली. सभेत सहा विषय होते. इथे एकच होता, आणि तो गव्हाच्या पाटीपुढे मांडला गेला होता.

"म्हंजे," अक्का सावकाश म्हणाल्या, "मी मूठ टाकली का पोरी तुह्या घरच्या. मंग त्यायचं काय करायचं ते तू अन् नाना ठरवनार."

"हां."

"अन् मी? मी कोन मंग?"

अक्कांनी या कामात आयुष्य ओतलं होतं. ओसरीवर घेतलेल्या पहिल्या पोरापासून आजवर सगळं त्यांच्या हाताने झालं होतं, आणि आता कोणीतरी त्यांना तो हात उघडायला सांगत होतं.

"तुम्ही मोजनाऱ्या," जिजी म्हणाली. "दरसाल या. मोजा. एक बी कमी भरनी, तं माले इचारा."

अक्कांचा हात पाटीवर तसाच राहिला. मग त्यांनी पदर खोचला.

"बोलाव त्यायले. जिचं तिनं नाव सांगावं."

मुली ओल्या हातांनी आल्या. एकेक जण पुढे येऊन नाव सांगे, काहीजणी इतक्या हळू की अक्का पुन्हा विचारीत. रेशमीने मात्र नाव सांगण्याआधी विचारलं, "आमच्यात कानबाई नाही. डोंगऱ्यादेव असतो. मग चालंल का?"

"चालस," जिजी म्हणाली. "तुना डोंगऱ्यादेवले आम्ही येसूत."

अठ्ठावीस मुठी पडल्या. मग अक्कांनी मान वर न करता विचारलं, "मांगल्या साली त्या पाच जनी होत्या. त्यायची नावं काय होती?"

मला वाटलं नाना वही आणायला उठतील. नाना उठले नाहीत. त्यांनी पाचही नावं एका दमात सांगितली, जशी ती वर्षभर त्यांच्या ओठांवरच होती. पहिलं नाव झिपरीचं होतं.

"परगावी गेलेल्याची बी मूठ पडते म्हनता ना," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी पाच मुठी टाकल्या.

दामूभाऊ उभे राहिले. "मंग आमन्या चार काढी ल्या," म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले. नाना त्यांच्या मागे वेशीपर्यंत गेले आणि एकटेच परतले. रविवारी कानबाई बसली, रोट झाले, लाल भोपळ्याची भाजी आणि खीर झाली, मुलींनी फेर धरून घसा बसेपर्यंत गाणी म्हटली. पण दामूभाऊंच्या घरचं कोणी आलं नाही. नाना दिवसभर दाराकडे पाहत होते. ही गोष्ट मी अहवालात लिहिली नाही, कारण ती कोणत्या सदरात घालायची ते मला समजलं नाही.

अक्कांनी पिशवीतला कागद फाडला नाही. जिजीने चूल पेटवायला कागद मागितला तेव्हा तो तिला दिला.

परतीची वाट

सोमवारी कानबाईचं पांझरेत विसर्जन झालं आणि मी आणि अक्का एस.टी.कडे निघालो; नाना, जिजी आणि रेशमी पोचवायला आले. वाटेत रेशमीचा बाप भेटला, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. घरी बाई बाळंत झाली होती, शेतात भात लावायचं राहिलं होतं. रेशमीला न्यायला आला होता. किती दिवसांसाठी, ते त्याला सांगता येईना.

नानांनी सवयीने अक्कांकडे पाहिलं. जिजीने पाहिलं. मीही पाहिलं. अक्कांनी छत्री उघडली, पाऊस नसताना, आणि एस.टी.त चढून बसल्या.

मग नानांनी रेशमीच्या बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "लई जा," ते म्हणाले. "तिनी जागा तिनी शे. भात लागना का आनी सोड." पुढे हेडमास्तरी आवाजात रेशमीला, "पुस्तकं घेऊन जा. आणि झिपरीला सांग, नाना विचारत होते."

गाडी सुटली. साक्रीपर्यंत अक्का मागे सरणारे डोंगर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "चुकलं नानाचं. दिवस ठरवून द्यायचे होते."

मी काही म्हटलं नाही. हे मात्र मला एवढ्या दिवसांत नक्की शिकता आलं होतं.

थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "पन न इचारता बोलला. मी तिथंच असून." आणि त्यांनी डोळे पुसले.

मुंबईत आल्यावर मी अहवाल लिहिला. सरांनी तक्ता मागितला. मी म्हटलं, काढला होता, उतरवला. त्यांनी कारण विचारलं, मी ते सांगितलं, आणि त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, गुण कमी पडतील. पडले. मी पासही झाले; काकांची मात्र निराशा झाली.

परवा अक्कांचं पत्र आलं. वळण मोठं आहे, ओळी वर चढत जातात. लिहितात, 'नानांकडून कळले. रेशमी बाराव्या दिवशी आली. एकटी नाही, झिपरीला घेऊन आली. झिपरीचे वर्ष बुडालेले, वर्गात जागा नाही, खाट नाही. नानांनी ठेवून घेतली. मला विचारले नाही. मी असते तर नाही म्हटले असते. बरे झाले, मी तिथे नव्हते.'